खोक्यावरचे आकडे

कॅमकॉर्डर हा शब्द आता घरात कुणाच्या तोंडी राहिलेला नाही. "व्हिडिओ काढ रे" म्हटलं की खिशातून फोन निघतो. पण साधारण १९८५ ते २०१० ही पंचवीस वर्षं अशी होती की घरात व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा म्हणजे एक कार्यच असायचं. दोन महिने चर्चा, अमेरिकेतल्या नातेवाइकांना पत्र नाहीतर फोन, बोरा बाजार आणि लॅमिंग्टन रोडच्या चकरा, आणि शेवटी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेले तीन कॅमेरे. मग तो ठरलेला प्रश्न : "ह्यातलं पिक्चर कुणाचं चांगलं?"

गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर दुकानदार चित्र दाखवून कधीच द्यायचा नाही. तो खोक्यावरचा आकडा वाचून दाखवायचा. आधी रेषांचा आकडा, मग लक्सचा, मग झूमचा, मग मेगापिक्सेलचा. दर पाच-सात वर्षांनी नवा आकडा यायचा आणि जुना आकडा कुणी विचारायचंही नाही. मला या आकड्यांचा इतिहास फार मजेदार वाटतो. शिवाय आपल्या सगळ्यांच्या कपाटात पडलेल्या कॅसेटी याच आकड्यांच्या जोरावर निवडलेल्या कॅमेऱ्यांनी भरलेल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नातेवाईक मंडळींनी मधला तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर शेवटचे चार परिच्छेद तरी वाचावेत ही विनंती :-)

सुरुवात रेषांपासून. १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने व्यवहारात चालेल असं पहिलं व्हिडिओ टेप यंत्र दाखवलं. दोन इंच रुंदीची टेप आणि कपाटाएवढा अवतार, म्हणजे फक्त टीव्ही केंद्रांच्या कामाचं. घरात टेप आली ती १९७५ च्या बीटामॅक्स आणि १९७६ च्या व्हीएचएसपासून. तरी कॅमेरा वेगळा आणि खांद्याला अडकवलेला रेकॉर्डर वेगळा, मधे जाडजूड वायर, असा तो संसार होता. दोन्ही एकाच डब्यात आले १९८३ साली, सोनीच्या बीटामूव्हीत. हा पहिला घरगुती कॅमकॉर्डर, पण त्यात काढलेलं चित्र त्यातच परत बघायची सोय नव्हती! पुढच्याच वर्षी जेव्हीसीने छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटचा जीआर-सी१ आणला. 'बॅक टू द फ्यूचर' या १९८५ च्या सिनेमात दिसतो तो हाच. १९८५ मध्ये सोनीने ८ मिलिमीटर टेपचा पहिला हँडीकॅम काढला आणि १९८९ मध्ये तळहातावर मावणारा टीआर५५.

आता या सगळ्यांत चित्र कुणाचं चांगलं हे ठरवायचं कसं? टीव्हीच्या इंजिनियर लोकांकडे एक तक्ता असायचा. त्यावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या हळूहळू एकमेकींच्या जवळ येत जातात. कॅमेऱ्याने तो तक्ता टिपायचा आणि पट्ट्या मिसळून नुसता राखाडी पट्टा कुठे दिसायला लागतो ते बघायचं. तिथला आकडा म्हणजे त्या यंत्राच्या 'रेषा'. व्हीएचएसच्या साधारण २४०. एस-व्हीएचएस (१९८७) आणि हाय-८ (१९८९) यांच्या साधारण ४००. डीव्हीच्या ५०० च्या आसपास.

आकडा खरा होता, पण त्याचा गोंधळ लगेच सुरू झाला. आपल्याकडच्या पॅल टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या रेषांनी बनतं, अमेरिकेतल्या एनटीएससीचं ५२५ रेषांनी. त्या रेषा वेगळ्या आणि तक्त्यावरच्या रेषा वेगळ्या. पहिल्या सगळ्या कॅमेऱ्यांना सारख्याच, दुसऱ्या प्रत्येकाच्या आपापल्या. दुकानात या दोन्हींची मस्त खिचडी व्हायची. "साहेब, हा ६२५ लाइनचा आहे" हे ऐकून माणूस ४०० रेषांचा हाय-८ सोडून २४० रेषांचा कॅमेरा आनंदाने घरी घेऊन जाऊ शकत असे.

आणि अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्याची तर वेगळीच कथा. १९९० च्या दशकात तिकडून येणाऱ्या काकांकडे चॉकलेटं, परफ्यूम आणि कॅमकॉर्डर या तीन वस्तू हमखास असायच्या. कॅमेरा उत्तम, पण एनटीएससीचा. त्याची कॅसेट इथल्या जुन्या व्हीसीआर-टीव्हीवर लावली की चित्र काळंपांढरं होऊन वरखाली गडगडायचं. कितीही रेषा असल्या तरी बघणाऱ्याच्या टीव्हीला ती भाषाच येत नसेल तर काय उपयोग! खोक्याच्या एका कोपऱ्यात ही चार अक्षरं बारीक छापलेली असायची. बाकी सगळ्या मोठ्या आकड्यांपेक्षा आपल्यासारख्या दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांसाठी तीच जास्त महत्त्वाची होती.

रेषांनी आणखी एक गोष्ट लपवली, ती म्हणजे रंग. व्हीएचएसमध्ये टेपवरची बहुतेक जागा उजेड-सावलीच्या तपशिलाला दिलेली होती. रंगाला त्याच्या जेमतेम सहावा हिस्सा. रेषांचा आकडा फक्त काळ्या-पांढऱ्याचा होता, रंगाचा तपशील त्याहून कितीतरी ढोबळ. जुन्या कॅसेटी आठवून बघा. मामीच्या लाल शालूचा रंग पदराच्या बाहेर सांडलेला असतो, कपाळावरचं कुंकू एका बाजूला फरफटत गेल्यासारखं दिसतं. त्यात दोष शूटिंगवाल्याचा नाही की कुंकवाचा नाही. रंगाला टेपवर जागाच तेवढी होती. आणि दुकानात तर सगळे कॅमेरे एकाच पिवळ्या पिनेच्या वायरने एका टीव्हीला जोडलेले असायचे. त्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्र जातात आणि टीव्ही ते वेगळे करताना बारीक तपशील गाळून टाकतो. म्हणजे ज्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजायचे तो फरक वाटेतच निम्मा गळून गेलेला!

रेषांनंतर आले लक्स. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर पडणारा उजेड साधारण १ लक्स. संध्याकाळी ट्यूब लावलेल्या आपल्या हॉलमध्ये शंभरच्या आसपास, भर दुपारच्या उन्हात एक लाख. आपला डोळा हे सगळं सांभाळून घेतो, त्यामुळे हॉल आणि अंगण यांत हजारपट फरक आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. कॅमेऱ्याच्या मात्र चांगलंच लक्षात येतं.

खोक्यावर आधी '७ लक्स' यायचं, मग '३', मग '१'. कमी आकडा म्हणजे अंधारात जास्त चांगला कॅमेरा, असा समज. पण किती बरं चित्र आलं म्हणजे 'आलं' म्हणायचं, हे बहुतेक ज्याची त्याची कंपनी ठरवायची. मुंग्या भरलेल्या काळपट पडद्यावर कुणीतरी हलतंय एवढं दिसलं तरी तो १ लक्स! काही कॅमेरे शटर इतकं हळू करायचे की हलणारा हात धुरासारखा पसरायचा. शेवटी १९९८ मध्ये सोनीने नाइटशॉट आणलं आणि खोक्यावर चक्क '० लक्स' छापलं जाऊ लागलं. शून्य कसं? तर कॅमेऱ्यातूनच डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड झोत सोडायचा आणि हिरवट चित्र काढायचं. पण ही सोय दिवसा काही पातळ कपड्यांच्या आरपार बघू देते हे उघडकीला आल्यावर कंपनीला त्याच वर्षी त्यात बदल करावा लागला.

या आकड्यावर ज्याचा कधीच विश्वास नव्हता असा एकच माणूस, तो म्हणजे आपला लग्नातला शूटिंगवाला. खांद्यावर मोठ्या व्हीएचएस कॅसेटचा जड कॅमेरा आणि मागे हॅलोजनचा दिवा उंच धरलेला एक पोरगा, ही जोडी १९८० आणि ९० च्या दशकातल्या प्रत्येक कार्यालयात होती. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, उजेड पडल्याशिवाय चित्र येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दिव्याने गुरुजींना घाम फुटायचा, लहान मुलं रडायची आणि समोरच्या रांगेतले सगळे डोळे मिटायचे. त्या काळच्या लग्नांच्या कॅसेटींत आपले अर्धे नातेवाईक डोळे किलकिले करून का बसलेले असतात, त्याचं हे उत्तर.

मग १९९५ साली डीव्ही आलं आणि खेळच बदलला. सव्वासहा मिलिमीटर रुंदीच्या इवल्याशा टेपवर आता चित्र आकड्यांच्या रूपात लिहिलं जायचं, सेकंदाला २५ मेगाबिट. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे साधारण पाचपट दाबून. तासाला सुमारे १३ जीबी, जेव्हा घरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क जेमतेम १ जीबीची असायची! सोनीच्या व्हीएक्स१००० मध्ये याच्या जोडीला तीन सीसीडी होत्या, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडासाठी एकेक वेगळी चकती. (सीसीडीचा शोध १९६९ चा, बेल लॅब्जमधला. बॉइल आणि स्मिथ यांना त्यासाठी २००९ चं नोबेल मिळालं.) आणि फायरवायरची एक बारकीशी वायर लावली की टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरमध्ये उतरायचे.

हे 'जसेच्या तसे' किती मोठं होतं हे ज्यांनी व्हीएचएसच्या कॉप्या काढल्यात त्यांना सांगायला नको. मूळ कॅसेटवरून एडिटिंग, त्यावरून मुलाकडच्यांची कॉपी, त्यावरून कधीतरी मुलीकडच्यांची. प्रत्येक पायरीला चित्र थोडं अजून धुरकट. म्हणजे वरपक्षाच्या वाट्याला तिसरी पिढी आणि वधूपक्षाच्या वाट्याला चौथी. मानपानाचा हिशोब इथेही!

डीव्हीत एक आणखी गोष्ट होती जी दुकानात कुणी सांगायचं नाही. स्वस्तातला स्वस्त आणि महागातला महाग मिनी-डीव्ही कॅमेरा टेपवर तेवढेच २५ मेगाबिट लिहायचा. फरक उरला तो फक्त भिंगात, चकतीत आणि कॅमेऱ्याच्या आतल्या हिशेबात. तो खोक्यावर छापायचा कसा? मग छापला गेला डिजिटल झूम. १० पट खरा, ७०० पट डिजिटल. हा डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तोच मोठा करणं, वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघितल्यासारखं. जवळ गेल्यावर ठिपके मोठे होतात, माणूस नाही.

त्यानंतर मेगापिक्सेल. २००३-०४ च्या सुमाराला कॅमकॉर्डरवरही १, २, ३ मेगापिक्सेल झळकू लागले. वास्तविक पॅल डीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख ठिपके. बाकीचे मुख्यतः फोटो काढण्यासाठी. पण आकडा वाढवताना चकत्या मात्र लहान होत गेल्या. व्हीएक्स१००० ची १/३ इंचाची होती, घरगुती कॅमेऱ्यांत १/४ आणि पुढे १/६ इंचापर्यंत आली. (हे इंचही खरे इंच नव्हेत, जुन्या काचेच्या नळीच्या व्यासावरून आलेलं ते नाव आहे. १/३ इंच म्हणवणाऱ्या चकतीचा कर्ण ६ मिलिमीटरच भरतो.) लहान चकतीत जास्त ठिपके म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला कमी उजेड. दुकानाच्या झगझगीत उजेडात हा फरक दिसायचाच नाही. घरी गणपतीच्या आरतीला दिवे मंद केले की दिसायचा.

जाणकार मंडळी म्हणून स्वतःची कॅसेट खिशात घेऊन दुकानात जायची. दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच माणूस, दुकानातल्या त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात, झूम न करता एकेक मिनिट टिपायचा आणि घरी येऊन आपल्याच टीव्हीवर बघायचं. माझ्या मते त्या सगळ्या पंचवीस वर्षांत खरेदीची खरी कसोटी ही एवढीच होती. आणि ती कुठल्याच खोक्यावर छापता येत नव्हती.

आकड्यांपलीकडचं एक उदाहरण सांगतो. १९९८ साली टोमास विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकाने 'फेस्टेन' नावाचा सिनेमा सोनीच्या छोट्या हँडीकॅमवर, साध्या मिनी-डीव्ही कॅसेटींवर चित्रित केला. कथा एका कुटुंबाच्या घरगुती समारंभाची, वडिलांचा साठावा वाढदिवस. वेगळे दिवे लावायचे नाहीत हा त्यांच्या चळवळीचा नियम, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगांत भरपूर मुंग्या. त्याला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. काउंटरवर ते चित्र कुणी नापास केलं असतं.

पुढचं लवकर आटपतो. २००० नंतर टेपचा कंटाळा आलेल्यांसाठी डीव्हीडी कॅमकॉर्डर आले. सिनेमाची डीव्हीडी सुंदर दिसते, मग हिचंही चित्र तसंच असणार, असा सरळ हिशेब. पण डीव्हीडीवर जागा वाचवण्यासाठी दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढंच लिहिलं जायचं, तेही सेकंदाला नऊ-एक मेगाबिटमध्ये. माणूस बसून बोलत असेल तर ठीक. पण लग्नात अक्षता पडतात त्या क्षणी पडद्यावरचा कण न् कण बदलत असतो. नेमक्या त्याच क्षणी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. दुकानातल्या टेबलावर कुणी अक्षता टाकून बघत नाही ना! शिवाय ती छोटी डिस्क उत्तम दर्जावर वीसेक मिनिटांत भरायची आणि 'फायनलाइझ' केली नाही तर दुसऱ्या प्लेअरवर चालायचीच नाही.

२००३ मध्ये एचडीव्ही, २००६ मध्ये एव्हीसीएचडी, आणि खोक्यावर नवा आकडा '१०८०'. तो पुरता रुळेपर्यंत २००७ मध्ये फ्लिप नावाचा एका लाल बटणाचा स्वस्त कॅमेरा आला. चित्राच्या बाबतीत तो बहुतेकांच्या मागे, तरी अमेरिकेत धडाधड खपला, कारण तो खिशात असायचा. २००९ मध्ये सिस्कोने ५९ कोटी डॉलरला ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये बंदही केली. कारण २००९ पासून आयफोनही व्हिडिओ काढायला लागला होता आणि तो तर खिशात आधीपासूनच होता. खिसा हे मापही खोक्यावर कधी नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. इतक्या वर्षांत चित्राचे सगळे आकडे झाले, पण आवाजाबद्दल दुकानात मी कुणालाही प्रश्न विचारताना ऐकलेलं नाही. आमच्याकडे १९९१ सालच्या एका मुंजीची कॅसेट आहे. चित्र व्हीएचएसचं, कुंकू फरफटलेलं, सगळं वर सांगितल्याप्रमाणे. त्यात आजोबा मंगलाष्टकं म्हणताना पूर्ण दोन मिनिटं दिसतात. ओठ हलतायत, मान तालात डोलतेय. आणि ऐकू येतं एक सिनेमातलं गाणं. एडिटिंग करणाऱ्याने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मूळ आवाज काढून वर गाणी भरली. आजोबा १९९४ मध्ये गेले आणि त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद आमच्याकडे नाही. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याने पुढच्या कार्यासाठी परत वापरली असणार, तसाच रिवाज होता. २४० च्या जागी ५०० रेषा असत्या तरी त्या दोन मिनिटांत काही भर पडली नसती.

म्हणून आता कपाटाकडे या. प्लेअर संपत चाललेत. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी त्याच वर्षी मार्चमध्ये बंद केल्या. अ‍ॅपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरच काढून टाकलं. टेप अजून शाबूत असेल, पण ती वाचणारं यंत्र आणि ते यंत्र ओळखणारा कॉम्प्युटर दोन्ही दुर्मिळ होत जाणार.

कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्यांकडे जाल तेव्हा गंमत म्हणजे तोच जुना प्रश्न परत येतो : चित्र कुणाचं चांगलं? या वेळी विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. मिनी-डीव्ही असेल तर फायरवायरने उतरवलेली मूळ डीव्ही फाइलच मागा, तासाला १३ जीबी झाली तरी. आज एवढी जागा किरकोळ आहे. नुसती डीव्हीडी करून घेतलीत तर अक्षतांचे चौकोन आयतेच पदरात पडतील. व्हीएचएस असेल तर आधी कडेला पांढरी बुरशी आली आहे का ते बघा, आपल्या पावसाळी हवेत ती हमखास धरते. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, आधी साफ करून घ्या. आणि "आवाज साफ करून वर छान म्युझिक टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. मागची खरखर, भांड्यांचा आवाज, लांबून कुणीतरी मारलेली हाक, सगळं तसंच राहू दे.

आणि नातेवाईक मंडळींसाठी एक खास विनंती. त्या मुंजीला दुसरा कुणाचा कॅमेरा किंवा टेपरेकॉर्डर चालू होता का, कुणाकडे त्या दिवसाचं काही आहे का, जरा कपाटात बघाल? रेषा कितीही असोत.